सेफमधली डिस्क काढताना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठं स्टोरेज, म्हणजे क्लस्टर, उभं करणारं सॉफ्टवेअर; त्याच्या नव्या कमांड्सचं मी केलेलं कौतुक तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं, की चार पायऱ्यांचं काम एका कमांडमध्ये कोंबलं की नवी मुलं आतलं काही शिकत नाहीत, आणि रात्री-अपरात्री क्लस्टर अडला की हातावर हात धरून बसतात. ही काळजी मलाही आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

तुम्ही डिस्क काढण्याचं उदाहरण दिलंत, तेच घेऊ. सेफच्या लुमिनस आवृत्तीच्या (२०१७) आधी ओएसडी, म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा डीमन (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्रॅम), कायमचा काढायचा तर 'क्रश रिमूव्ह' (डेटा कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या क्रश नकाशातून काढणं), 'ऑथ डेल' (त्याची ओळखीची की पुसणं), 'ओएसडी आरएम' (ओएसडींच्या यादीतून काढणं) अशा तीन कमांड्स द्याव्या लागत. मधली राहून गेली तर मेलेल्या ओएसडीची ऑथ की क्लस्टरमध्ये तशीच पडून राही. 'ओएसडी पर्ज'ने तिन्ही एकत्र केल्या. तो क्रम पाठ असलेल्या माणसाला सेफ कळतं असं मी म्हणणार नाही.

कळायला हवं ते वेगळंच आहे. ओएसडी 'आउट' केला, म्हणजे त्यावर डेटा ठेवू नका असं सांगितलं, की डेटा दुसऱ्या डिस्कवर हलतो. तो स्थिरावल्यावर क्रशमधून काढला की होस्टचं (त्या सर्व्हरचं) वजन, म्हणजे त्याच्या वाट्याला येणाऱ्या डेटाचं प्रमाण, घटतं आणि डेटा पुन्हा हलतो. पर्जनेही हा दुसरा हेलपाटा टळत नाही. म्हणून जाणकार आधी त्या ओएसडीचं क्रश वेट (नकाशातलं वजन) शून्यावर आणत. आता 'ऑर्क ओएसडी आरएम' ही नवी कमांड कायमचं काढताना नेमकं तेच करतं. तिला 'रिप्लेस' हा पर्याय दिला तर नुसतं आउट करतं आणि आयडी राखून ठेवतं, त्यामुळे नवी डिस्क जुन्याच जागी बसते. शेवटी 'स्टेटस' जोडलं की किती पीजी (डेटाचे गट) हलायचे बाकी आहेत तेही दिसतं. जाणत्यांच्या डोक्यातली अक्कल टूलमध्ये उतरली, ती अशी. 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' (इथला 'सेफ' म्हणजे सुरक्षित) या कमांडचंही तेच : हा ओएसडी गेला तर डेटाला धोका आहे का, हे क्लस्टर पीजी तपासून सांगतो. क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या 'सेफ एस' (ceph -s) कमांडचा हिरवा रंग बघून आपण बांधलेल्या अंदाजापेक्षा हे उत्तर कितीतरी भरवशाचं.

एका बाबतीत मात्र तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. ऑक्टोपस आवृत्तीत (२०२०) सेफएडीएम हे क्लस्टर उभारणारं-सांभाळणारं टूल आलं, डीमन कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यांत) गेले आणि लॉग (नोंदी) लिनक्सच्या जर्नलडी या नोंदी ठेवणाऱ्या सेवेकडे. नवखा माणूस व्हार-लॉग-सेफ (/var/log/ceph) हे फोल्डर उघडतो, तर तिथे ओएसडीची फाइलच नाही. सर्व्हिसच्या नावात लांबलचक एफएसआयडी (क्लस्टरचा ओळख क्रमांक). 'सेफएडीएम लॉग्स' ही कमांड माहीत असेल तरच वाट सापडते. डीमन पडल्याची सूचना देतानाच टूलने ही कमांड छापायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

राहता राहिल्या तुमच्या स्क्रिप्ट. माणसांसाठीचा तक्ता ग्रेप-ऑक या मजकूर छाटणाऱ्या टूल्सनी कापला की तो आवृत्तीगणिक दगा देणारच. उत्तर जेसॉन (यंत्राला वाचता येणाऱ्या) फॉरमॅटमध्ये मागा आणि एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) तपासा. सेफ-टू-डिस्ट्रॉय 'नाही' म्हणतं तेव्हा तो शून्य नसतो, म्हणजे दहा-दहा सेकंद थांबून पुन्हा विचारणारं लूप एका ओळीत होतं. तुमची पर्जवाली स्क्रिप्ट त्या लूपनंतरच चालू द्या.