तळमजला कुठाय?

चीनमधल्या चोंगछिंग शहरात कुणी घरी जेवायला बोलावलं की मी आधी विचारते, येऊ कुठल्या मजल्यावरनं? सोलापुरात असं विचारलं असतं तर लोकांनी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आमच्याकडं रस्ता जिथं तिथं तळमजला, विषय संपला. इथं एकाच डोंगराला पाचसहा लेव्हलवर रस्ते आणि प्रत्येकाला वाटतं की जमीन म्हणजे आपणच.

चूक डोंगराचीय खरं तर. यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्या छाओथ्येनमन घाटापाशी भेटतात, त्यांच्या मधे जी उंच जिभेसारखी जागा उरते तिच्यावर जुनं शहर, आणि सपाट जागा म्हणाल तर फुटबॉलचं मैदान सोडल्यास दिसत नाही. सायकली जवळपास नाहीतच. क्वेशिंगलौ नावाच्या बिल्डिंगपाशी छान चौक आहे, लोक निवांत फिरतायत, आणि कठड्यावरनं खाली वाकलं की बावीस मजले खाली अजून एक रस्ता, तिथंही लोक निवांत फिरतायत. होंगयातोंग नावाच्या डोंगराला टेकलेल्या बिल्डिंगीत नदीकडच्या रस्त्यावरनं पहिल्या मजल्यात शिरा, अकराव्यावर लिफ्टमधनं उतरा, समोर परत रस्ता. लिझिबा स्टेशनला तर मोनोरेल एकोणीस मजली बिल्डिंगच्या पोटातनं जाते, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर, वर लोकांची घरं.

तर ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर बायश्यांगजू नावाच्या बिल्डिंगीत. चोवीस मजले आणि लिफ्ट नाही. एकही नाही. बाहेर पडायला मात्र पहिला, दहावा आणि पंधरावा अशा तीन मजल्यांवर रस्ते, म्हणजे शहाणा माणूस पंधराव्यावरनं शिरतो. माझ्या फोनमधल्या मॅपला हे कोण सांगणार, त्याला उंची हा प्रकारच मान्य नाही, त्यानं मला नदीच्या बाजूला नेऊन उभं केलं आणि गोड आवाजात सांगितलं की आपण पोहोचलात. मैत्रीण वीस मजले वर. एका काकूंना विचारलं तर त्यांनी बोट वर केलं आणि गेल्या. इथं उत्तर दक्षिण कुणी सांगत नाही, वर आणि खाली एवढ्याच दिशा.

मधे मधे थांबत, जिन्यातल्या चपलांचे स्टँड, वाळत घातलेले कपडे, कुणाच्या घरातली मिरचीची फोडणी असं सगळं बघत वर चढले. आणि मग मला ते पांगपांग लोक आठवले, खांद्यावर बांबू टाकून छाओथ्येनमनच्या पायऱ्यांवरनं बोटीतलं सामान वर वाहणारे हमाल. आता त्यांची संख्या बरीच कमी झालीय. मी फक्त केळी घेऊन चढत होते आणि देव आठवत होता.

वर पोहोचले तर मैत्रीण चपला घालून तयार. म्हणाली घरी काही केलं नाही, हॉटपॉटला जाऊ, इथंच खाली आहे. खाली!

ते हॉटेल निघालं डोंगरात खोदलेल्या बोगद्यात. 1937 पासून 1946 पर्यंत चोंगछिंग चीनची युद्धकाळातली राजधानी होती, जपानी विमानं 1938 ते 1943 बॉम्ब टाकत राहिली, तेव्हा लोकांनी जीव वाचवायला हे बोगदे खोदले. जून 1941 मधे अशाच एका बोगद्यात गर्दीनं गुदमरून शेकडो माणसं गेली. आमच्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीसही 1938 च्या शेवटी येनानला जायच्या आधी याच शहरात होते, त्यांनी हे जिने चढले असणारच. आज काही बोगद्यांत हॉटेलं आहेत, काही उन्हाळ्यात लोकांना गार बसायला उघडतात, कारण उन्हाळा इथला सोलापूरला लाजवणारा, ऑगस्ट 2022 मधे पेपेई भागात 45 डिग्री झालं होतं आणि वर नद्यांचा दमटपणा. अशा हवेत लोक काय खातात तर हॉटपॉट, म्हणजे उकळता लाल रस्सा. घाटावरच्या मजुरांचं स्वस्तातलं खाणं होतं म्हणे, वजडी वगैरे, ती आजही तशीच रश्श्यात बुडवायची. त्यातलं हुआज्याओ म्हणजे आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. जीभ बधिर होते. गुडघे मात्र होत नाहीत, ही मोठी गैरसोय.

या सगळ्यानंतर दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, घराबाहेर पडायचं नाही, नूडल्स मागवायच्या. पोऱ्याचा फोन आला, खाली आलोय. मी खाली गेले, कुणी नाही. म्हटलं मी खाली उभीय. तो म्हणाला मीपण खालीच उभाय. गेटपाशी? गेटपाशी. समोर रस्ता? समोर रस्ता. अशी आमची पाच मिनिटं अगदी प्रेमानं एकमताची चर्चा झाली, आणि शेवटी शेजारच्या आजींनी खिडकीतनं डोकं काढून ओरडून सांगितलं की अगं तो आठव्या मजल्यावर खाली उभाय, तू पहिल्या मजल्यावर खाली गेलीस, आता वर ये खाली.