चाकाचे नट सोडवायला एक पाना, आवळायला दुसरा

गाडीबरोबर कंपनीने दिलेला तो आखूड एल पाना डिकीतून काढा आणि त्याच्या जागी धड हत्यार ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगतो. आज इथे सविस्तर लिहितोय, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि पुढचे चार महिने खड्ड्यांत टायर फुटत राहणार.

मूळ मुद्दा असा की नट सोडवणं आणि नट आवळणं ही दोन वेगळी कामं आहेत. सोडवायला ताकद लागते, आवळायला मोजमाप. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच पान्याने, नाहीतर टायरवाल्याच्या हवेच्या गनने उरकली जातात.

आधी सोडवण्याचं बोलू. इथे सगळा खेळ दांड्याच्या लांबीचा आहे. होंडा सिटीच्या नटाला १०८ न्यूटन मीटर जोर सांगितलेला असतो. पाना पाव मीटरचा असेल तर टोकाला साधारण ४४ किलोचा दाब द्यावा लागतो. तोच दांडा अर्धा मीटर केला की २२ किलोत काम होतं. आणि हा हिशोब नट बरोबर आवळलेला असेल तेव्हाचा. कोकणात दोन पावसाळे काढलेला, गंज धरलेला नट याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून टोकाला अर्ध्या इंचाचा चौकोनी खुंट असलेली, निदान दीड-दोन फुटांची टॉमी, म्हणजे लांब दांडा, घ्या (दुकानात ब्रेकर बार म्हणून मागा) आणि त्या खुंटावर बसणारं, नटावर चढणारं आपल्या गाडीच्या मापाचं सॉकेट. मारुती आणि होंडाला बहुधा १९ मिलिमीटरचं, ह्युंदाई आणि इनोव्हाला २१ चं, पोलोला १७ चं लागतं. तरी प्रत्यक्ष नटावर बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सॉकेट सहा कोनीच घ्या. बारा कोनी सॉकेट नटाच्या टोकांवर धरतं आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतं.

प्लस पाना वाईट नाही. दोन्ही हातांनी समोरासमोर जोर देता येतो, त्यामुळे पाना तिरका होऊन निसटत नाही, आणि नट ढिला झाला की भराभर फिरवता येतो. फक्त तो डिकीत जागा खातो आणि त्याचे हात टॉमीपेक्षा आखूड असतात.

माझी बहीण चिपळूणजवळ शाळेत शिकवते, रोज स्वतः गाडी चालवत जाते. परशुराम घाटाच्या अलीकडे तिचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, चाक बदलायचं तिला पक्कं माहीत होतं. पण आदल्या आठवड्यात एका टायरच्या दुकानात गनने असे नट आवळून दिले होते, की ती पान्यावर उभी राहिली तरी एकही हलला नाही. शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी पान्यात पाइप घालून ते सोडवले. याचा मला मनापासून राग येतो. घरात जो जो ती गाडी चालवतो, त्याला रस्त्याच्या कडेला नट सोडवता आलाच पाहिजे.

आता आवळणं. अर्ध्या इंचाची साधी गनसुद्धा पाचशे न्यूटन मीटरच्या वर सहज जाते. पुस्तिकेत बघा, जुन्या स्विफ्टला ८५, पोलोला १२० एवढंच लिहिलंय. सत्तर किलोचा माणूस फूटभर पान्याच्या टोकावर उभा राहिला तरी दोनशेच्या वर जोर पडतो, म्हणजे पाय देऊन आवळणंही तितकंच चूक. जास्त आवळलं की बोल्ट ताणला जातो, आटे जातात, आणि एक नट घट्ट, दुसरा सैल असं झालं की डिस्क वाकडी धरली जाऊन ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतं.

चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. आपण लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा हा ताण बनतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणूनच आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. सोडवताना गंज सोडवणारा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारला असेल तर परत बसवण्याआधी फडक्याने कोरडं पुसून घ्या.

‘आमचा पंक्चरवाला वर्षानुवर्षं हाताच्या अंदाजाने आवळतो, काही झालं नाही,’ असं हमखास कोणीतरी म्हणतं. त्याच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण घर्षण गंजाप्रमाणे, धुळीप्रमाणे नटागणिक बदलतं. आणि ज्यांचा हात बसलेला नाही, अशा आपल्यासारख्यांना तर आकडाच हवा. तो टॉर्क रेंच देतो. आकडा लावायचा, सावकाश ओढायचं, ‘टक’ आवाज आला की थांबायचं. पुन्हा ओढून खात्री करायची नाही, त्याने आकडा ओलांडला जातो. या रेंचने नट कधीही सोडवू नका आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवा. ४० ते २०० न्यूटन मीटरच्या दरम्यानचा रेंच आपल्या गाड्यांना पुरतो.

क्रमही सांगतो. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक लावा. बसवताना प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवा, म्हणजे आटे तिरके धरणार नाहीत. मग समोरासमोरचे नट हलके आवळा, गाडी खाली घ्या, आणि त्याच क्रमाने टॉर्क रेंच चालवा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. अलॉय व्हील असतील तर हे अजिबात चुकवू नका.

टायरवाल्याकडे गनने सोडवायला माझी काही हरकत नाही. बसवताना मात्र ‘नट फक्त टेकवा, आवळतो मी’ असं सांगतो. पोरं ऐकतात, बाजूला उभी राहून बघतातही.

मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला हे सगळं हातात घेऊन बघता येतं. नाशिकच्या टपारियाची सॉकेट जवळजवळ कुठल्याही गावात मिळतात. सगळा खर्च एकदम झेपत नसेल तर टॉमी आणि सॉकेट आज घ्या, ती प्रत्येक गाडीत हवीच. टॉर्क रेंच घरी राहिला तरी चालतो. रस्त्यात हाताने बेताने आवळून घरी यायचं आणि मग मोजून घ्यायचं. आमच्या सोसायटीत चार घरांत मिळून एकच आहे.