अडॅप्टरमुळे शार्पनेस जातो का?

‘जुनी मॅन्युअल लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चढवली की शार्पनेस जातो,’ असा मेसेज फिरतोय. अडॅप्टर म्हणजे एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्यावर बसवणारा जोड, आणि मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. साध्या अडॅप्टरबाबत हे खरं नाही. त्यात काच नसतेच, ती नुसती पोकळ नळी. निकॉन एफ लेन्सचा माउंट (जोडणीचं तोंड) सेन्सरपासून, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपासून, ४६.५ मिमीवर लागतो, सोनी ई-माउंटचा १८ मिमीवर असतो, मधले २८.५ मिमी ही नळी भरून काढते. बस्स, एवढंच तिचं काम.

काचवाल्या अडॅप्टरची गोष्ट निराळी. कॅननची जुनी एफडी लेन्स त्याच कंपनीच्या नंतरच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) अनंताला, म्हणजे अगदी दूरवर, फोकस करायची तर मध्ये जादा काच लागायची, आणि स्वस्तातली काच खरोखर चित्र मऊ करायची. मिररलेसवर ती गरजच नाही. मात्र नळी किंचित जाड निघाली, तर दूरचे डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाहीत. ते आधी तपासा.