‘सामाजिक शास्त्रांत बी.ए. म्हणजे तीन वर्षे वाया’: एका दाव्याचा प्रतिवाद

बारावीचे निकाल लागले की पालकांमध्ये एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणे म्हणजे तीन वर्षे वाया घालवणे. हे विषय पाठांतराचे आणि गणिताला घाबरणाऱ्यांचे आहेत. शिक्षकी व स्पर्धा परीक्षा यांखेरीज त्यांतून वाट निघत नाही. मानसशास्त्र तेवढे बरे, कारण पदवी मिळताच समुपदेशन सुरू करता येते. आणि आवडच असेल तर आधी अभियांत्रिकी करून मग इकडे वळावे. यावर डॉ. आंबेडकरांनीही १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊनच बी.ए. केले होते, असे उत्तर देण्याची पद्धत आहे. ते खरे असले, तरी असामान्य माणसाच्या उदाहरणाने सामान्य विद्यार्थ्याच्या नोकरीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून दाव्यातील एकेक मुद्दाच तपासू.

पाठांतराचा आरोप आधी घेतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावर उभे आहे. शेतकरी कुटुंबातील एखाद्या बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारले, तर म्हशीची धार, निंदणी, सरपण आणि घरातले सगळे करूनही ‘नाही, मी घरीच असते’ असे उत्तर येण्याची शक्यता बरीच असते. हे उत्तर जसेच्या तसे नोंदवले, तर आकडेमोड कितीही अचूक केली तरी निष्कर्ष चुकतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ आणि घरकामाबरोबर सरपण गोळा करणे, शिवणकाम यांसारखी कामेही करणाऱ्यांसाठी ९३ असे वेगळे संकेतांक ठेवले गेले, ते याच अडचणीमुळे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात तर ‘काम करता का?’ या प्रश्नावर विसंबण्याऐवजी आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारण्यात आले. प्रश्न कसा विचारावा, कोणाला विचारावा, नमुना कसा निवडावा आणि उत्तरातला पूर्वग्रह कसा ओळखावा, हे संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत शिकवले जाते, आणि त्याला सांख्यिकीची जोड लागतेच. अर्थशास्त्रात पुढे जायचे तर गणिताला पर्याय नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही प्रमाण विचलन, सहसंबंध आणि चाचणीची विश्वसनीयता या गोष्टी टाळता येत नाहीत. गणित नको म्हणून इकडे आलेल्या मुलाची निराशा होते, हे मात्र खरे.

वाटा दोनच आहेत, हा मुद्दा माहितीच्या अभावातून आला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घेणे सक्तीचे आहे. गावात जाऊन पायाभूत (प्रकल्प सुरू होण्यापूर्वीची) पाहणी करणे, मुलाखती घेणे, माहिती तपासून अहवाल लिहिणे, अशी कामे त्यातून निघतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा सांभाळते, तिच्या २०१९–२१ च्या फेरीत सहा लाखांहून अधिक कुटुंबे होती. तेवढे क्षेत्रकाम प्रशिक्षित माणसांवाचून होत नाही. कारखान्यांतील कल्याण अधिकारी, शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, बाजार-संशोधन आणि मनुष्यबळ विभाग ही क्षेत्रे वेगळीच. मात्र यांतील अनेक पदांना एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी लागते आणि क्षेत्रकामाच्या पहिल्या नोकऱ्या बहुधा मुदतीच्या कंत्राटावर असतात. बी.ए. झाले की लगेच स्थिर नोकरी, असे आश्वासन मीही देणार नाही.

मानसशास्त्राविषयीचा मुद्दा वरकरणी कौतुकाचा वाटतो, पण माझ्या मते सगळ्यांत घातक तोच आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये चिकित्सालयीन मानसतज्ज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) व्याख्या दिलेली आहे. तिच्यात भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता किंवा पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रशिक्षणासह केलेला दोन वर्षांचा एम.फिल. अपेक्षित आहे. सर्वसाधारण बी.ए. या व्याख्येत बसत नाही. ती पदवी घेऊन नैराश्याच्या रुग्णावर उपचार करू पाहणारा तरुण स्वतःची फसवणूक करतो आणि रुग्णाला धोक्यात घालतो. भरतीच्या चाचण्या, प्रशिक्षण, ग्राहकांच्या वर्तनाचा अभ्यास या दिशांना मात्र तीच पदवी चांगली सुरुवात ठरते.

अभियांत्रिकीमार्गे येण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तसे येता येते, कारण अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पण ज्याला आपला विषय बारावीतच कळला आहे, त्याने चार वर्षे आणि त्यांची फी दुसरीकडे का खर्चावी, याचे उत्तर या मजकुरात कुठेच नाही.

एक तक्रार मात्र या दाव्यात यायला हवी होती आणि आली नाही. कित्येक ठिकाणी हे विषय गाईडवर शिकवले जातात आणि प्रकल्पाच्या वह्या आधीच्या तुकडीकडून उतरवल्या जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले आहेत. ते कागदावर राहतात की मुले खरोखर वस्तीत, कार्यालयात किंवा गावात जातात, हे महाविद्यालयागणिक बदलते. प्रवेश घेण्यापूर्वी मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प अहवाल पाहायला मागावेत आणि संशोधनपद्धती कोण शिकवते, तेही विचारावे.