रोखीचे रस्ते, उधारीचे रस्ते

साताऱ्यात सपाट जमीन पाहायची असेल तर एसटी स्टँडवर जावं. तिथे सायकल चालवू देत नाहीत, हा भाग वेगळा. बाकीचं गाव अजिंक्यताऱ्याच्या अंगावर जमेल तसं टेकलेलं आहे. गावाबाहेर पडणारा रस्ता एक तर वर देवाकडे जातो, नाही तर खाली नदीकडे. पन्नाशी उलटल्यावर माझ्या गुडघ्यांचं आणि डॉक्टरांचं एकमत झालं, मी गिअरची सायकल घेतली, आणि तेव्हापासून या भूगोलाशी माझा व्यवहार सुरू आहे.

व्यवहारच म्हणायचं. पश्चिमेचे रस्ते रोखीचे. आधी चढ मोजून द्यायचा, मग परतीचा उतार पदरात घ्यायचा. पूर्वेचे रस्ते उधारीचे. जाताना सगळं फुकट मिळतं आणि वसुली परतताना होते, तीही ऊन चढल्यावर, पोटात मिसळ असताना. आमच्या सायकल ग्रुपात एक दंतवैद्य आहेत. त्यांना हा फरक मान्य नाही. कुठलाही रस्ता ते ‘थोडंसं अप-डाउन आहे’ एवढ्यावर संपवतात. ‘थोडंसं दुखेल’ म्हणायची तीस वर्षांची सवय, दुसरं काय!

रोखीतला पहिला रस्ता यवतेश्वरचा. समर्थ मंदिर मागे टाकलं की घाट लागतो. हा घाट हाफ मॅरेथॉनवाल्यांचा. शर्यत वर्षातून एकदा असली तरी सराव बारमाही चालतो. त्यामुळे सायकलवरच्या माणसाला पायी पळणारा माणूस मागे टाकतो, हा निसर्गनियमांच्या विरुद्ध प्रकार इथे रोज पहाटे बघायला मिळतो. टाकणारा नुसता टाकत नाही, ‘कम ऑन काका!’ असंही म्हणतो. त्यातलं ‘कम ऑन’ मी सोडून देतो.

पळणारे निदान पुढे निघून जातात. चालणाऱ्यांचं तसं नसतं. एकदा मफलर गुंडाळलेल्या एक आजी माझ्या बरोबरीने चालायला लागल्या. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, त्या चपलांवर. ‘कुणाचे तुम्ही?’ इथून सुरुवात झाली. मी धापा टाकत आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, सासुरवाडी सांगितली. तिसऱ्या वळणावर त्यांची पेट्रीची भाची माझ्या मेव्हण्याच्या नात्यात निघाली. एवढा गोतावळा उलगडेपर्यंत आम्हा दोघांतलं अंतर वीतभरही वाढलं नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘बरं, मी होते पुढं. तुम्ही या सावकाश.’

यवतेश्वरच्या पुढे कास. सातारा साधारण ७०० मीटर उंचीवर, कासचं पठार १२०० च्या आसपास, आणि अंतर पंचवीस किलोमीटर. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कासही गेलं, आणि सप्टेंबरात फुलं बघायला लोटणाऱ्या गाड्यांचा वारसा आमच्या वाट्याला आला. सुट्टीच्या दिवशी त्या घाटात सायकल चालवणं म्हणजे प्रत्येक गाडीच्या काचेमागच्या पोराला शैक्षणिक साहित्य पुरवणं. ‘पप्पा, ते आजोबा उतरून ढकलत का नाहीत?’ यावर पप्पा काय सांगतात ते ऐकू येत नाही, पण काच वर जाते. कासच्या तलावाचं पाणी साताऱ्याला पंपाशिवाय, नुसत्या उताराने येतं. पाणी शहाणं, खालून वर जायच्या भानगडीत कधी पडलं नाही.

रोखीतला दुसरा रस्ता बोगद्यातून सज्जनगडाकडे. समर्थांनी बलोपासनेचा आग्रह का धरला, ते गजवडी सोडून गडाचा चढ लागला की समजतं. मात्र इथली परतफेड चोख आहे. दुपारी प्रसादाला गव्हाची खीर असते, आणि घाम गाळून गेलेल्या माणसाने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तर कुणी वावगं मानत नाही. मी घेतो. सायकलीने किती चरबी जाळली हे मोबाइल सांगतो आणि खिरीने किती भरली हे सांगत नाही, म्हणून मला मोबाइल आवडतो.

दंतवैद्यांचं मत असं की गडावर न थांबता तसंच ठोसेघर करून चाळकेवाडीला जावं. मी गेलो आहे. तिथे पठारभर पवनचक्क्या उभ्या आहेत. सरळ विचार करा, पवनचक्की माणूस कुठे उभी करतो? जिथे वारा सगळ्यात जास्त तिथे. म्हणजे कंपन्यांनी पैसे खर्चून, मोजमापं घेऊन, सायकल कुठे नेऊ नये ते दाखवून ठेवलेलं आहे. तिथे उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. मी रोखीचे रस्ते बरे म्हणतो खरा, पण चाळकेवाडीत रोख मोजूनही माल मिळत नाही.

उधारीचा नमुना पाहायचा तर माहुली. बॉम्बे रेस्टॉरंट चौक ओलांडला की सायकल स्वतःच कोरेगाव रस्त्याने निघते. कृष्णा-वेण्णेचा संगम, काठावरची दगडी देवळं, सकाळचं कोवळं ऊन. सगळं पायडल न मारता. संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. खंड्याची स्वामिनिष्ठा परिसरातल्या कुत्र्यांमध्ये अजून टिकून असावी, फक्त वाघ मिळत नसल्याने ती सायकलस्वारांच्या पोटऱ्यांवर भागवतात. जाताना उतार असतो, म्हणून आपण निसटतो. येताना चढ असतो, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं.

लिंबचा रस्ता मात्र एका खात्यात बसत नाही. वाढे फाट्यापर्यंत उतार, म्हणजे उधारी. तिथून हायवेला लागून लिंब खिंडीचा चढ, तो रोखीने. खिंडीपलीकडे पुन्हा उतार. परतताना हाच हिशेब उलटा. सेवा रस्त्यावर समोरून उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल आपल्याकडे असं पाहते, जणू चुकीच्या बाजूने आपणच येतोय. हिवाळ्यात त्यात उसाच्या डबल ट्रॉल्या. ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा आवाज इतका असतो की त्याला आपली घंटी ऐकू जाणं अशक्य, आणि माझ्या सायकलीला घंटी नाहीच.

तरी लिंबला जावंच. शेतातून गेलं की बारा मोटेची विहीर लागते. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात आमराईच्या पाण्यासाठी बांधून घेतली. वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची, सुमारे ११० फूट खोल, पायऱ्या उतरून आत गेलं की गारवा. मुख्य विहीर आणि जिना यांच्यामध्ये वरच्या अंगाला चक्क एक छोटा महाल आहे. एका वेळी बारा मोटा चालत, म्हणजे बैल दिवसभर पुढे जात आणि मागे येत. उतारावर ओढायचं आणि चढावर मोकळं परतायचं, अशी मोटेच्या धावेची, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेची, सोय असते. बैलांचा विचार करून बांधलेला तो सातारा परिसरातला एकमेव रस्ता असावा.

विहिरीवरून निघालो आणि मागच्या चाकाने जीव सोडला. बरोबरची नवी ट्यूब मी चढवली. सोबतच्या हातपंपाने मात्र थोडीशी हवा भरून हाय खाल्ली. पेट्रोलपंपावर आकडे दाखवणारं हवेचं यंत्र होतं, पण त्याचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं आणि माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा नावाचा. ती दोन तोंडं एकमेकांशी बोलेनात. शेवटी ढकलत गावातल्या सायकल दुकानात गेलो. टोपीवाले आबा चाकाचा आउट काढत बसले होते. त्यांनी माझा व्हॉल्व्ह पाहिला, टोकाचा चिमुकला नट बोटाने सैल केला, पायाखाली धरायचा जुना पंप घेतला आणि त्याची चिमटी दाबून बसवली. बसली! चार दणक्यांत टायर दगडासारखं.

‘केवढ्याला पडली?’ आबांनी विचारलं.

मी निम्मी किंमत सांगितली. घरीही मी तीच सांगितलेली आहे, आणि फरक नको.

आबांनी सायकलभोवती एक फेरी मारली. ‘स्टँड?’

‘नसतो हिला.’

‘मडगार्ड?’

‘नाही.’

‘कॅरिअर न्हाई, घंटी न्हाई. कुलूप तरी?’

‘ते वेगळं घ्यावं लागतं.’

‘म्हंजे काढंल तसं म्हाग होत ग्येली,’ आबा म्हणाले. दुकानासमोर जमलेल्या चारपाच जणांनी माना हलवल्या. ‘बघू का जरा चालवून?’

नाही कसं म्हणणार? आबांनी धोतराचा सोगा खोचला, टांग टाकली आणि बाजारातून असे गेले की मी या सायकलीवर आजवर कधी गेलो नाही. देवळाला वळसा घालून परत येईपर्यंत मला बसायला खुर्ची आली होती, चहा सांगून झाला होता. आबा उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून कण्हले आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

‘सीट लई वंगाळ हाय की ओ. बसवतच न्हाई. म्हनून पळवत असणार तुम्ही लोकं.’