‘नाद खुळा’च्या पुढं काहीतरी बोला

सांगली-मिरजेत सध्या कराओके ग्रुपांचं पेव फुटलंय. रविवार आला की कुठल्यातरी हॉलमध्ये स्पीकर लागतात. बँकेतून रिटायर झालेले, शाळेत शिकवणाऱ्या, मेडिकल दुकानवाले, सगळे हौसेनं गातात. मला हे मनापासून आवडतं. माझी तक्रार आहे ती ऐकणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. गाणं कसंही होवो, टाळ्या तेवढ्याच. रात्री व्हिडिओखाली ‘नाद खुळा’, ‘अप्रतिम’, ‘सरस्वती प्रसन्न’ आणि जोडलेल्या हातांची रांग.

हौसेनं गाणाऱ्यांना हे चालतंय. साठीनंतर कुणी माईक हातात धरला तर त्याचा गंधार तपासत बसू नये. पण त्याच ग्रुपात विशी-बाविशीची पोरंही असतात. कुणाला टीव्हीच्या ऑडिशनला जायचंय, कुणाला ऑर्केस्ट्रात गायचंय, काहींना यावरच पोट भरायचंय. त्यांच्याही पदरात आपण तोच ‘नाद खुळा’ टाकतो. मग ती ऑडिशनला जातात आणि मुखडा संपायच्या आत ‘थँक्यू, नेक्स्ट’ ऐकून परत येतात. काय चुकलं हे तिथं कोण सांगणार? सांगायला वेळ होता तो आपल्याकडं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं मध्यंतरी रेकॉर्डिंग ऐकवलं. “काका, खरं सांगा हं.” म्हटलं, “मुखडा सुरेख झालाय. अंतऱ्यात वरच्या सा ला मात्र तू पोचत नाहीस. किंचितच खाली राहतेस, पण दर वेळी. आणि ओळीच्या शेवटी दम संपतो म्हणून शब्द गिळतेस.” तिचा चेहरा पडला. तिच्या आईनं मला चहा दिला, पण साखर बहुतेक मुद्दाम विसरल्या. दोन-चार दिवसांनी पोरगी परत आली आणि आम्ही कराओकेचा ट्रॅक, म्हणजे मागं वाजणारं संगीत, तपासला. गाणं आशा भोसलेंचं, आणि ट्रॅक मूळ गाण्याच्याच पट्टीत होता. आशाताईंचा जन्म सांगलीचा, म्हणून त्यांची पट्टी काही कृष्णेच्या पाण्यातून मिळत नाही! ट्रॅक दोन सूर खाली घेतल्यावर निम्मं काम तिथंच झालं. उरलेलं निम्मं दमसासाचं. त्याला रोजचा रियाज लागतो, आणि तिथं माझा उपयोग शून्य. शिकवणाऱ्या बाई गाठून दिल्या.

सांगायचा मुद्दा हा की ‘छान’ म्हटल्यानं यातलं काहीही घडलं नसतं, आणि ‘तुला गाणं जमत नाही’ म्हटल्यानंही नाही. कुठल्या ओळीत, कुठल्या सुरावर, कशामुळं, हे सांगितलं तरच त्याला टीका म्हणायचं. बाकीचं नुसतं तोंडसुख.

गाणाऱ्याला बाहेरचा कान लागतोच. स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आहे त्यापेक्षा भरदार वाटतो. रेकॉर्डिंग ऐकल्यावर ‘हा माझा आवाज?’ असं वाटतं ते त्यामुळंच. त्यात आपल्याकडं साउंडवाला इको असा चढवून ठेवतो की कणसूर लागलेला सूरही चादर ओढून झोपी जातो. गायकही खूश, ऐकणारेही खूश.

आणि हे सगळं चाललंय कुठं, तर मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. तिथला तंतुवाद्यं बनवणारा कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजता आवाज खुलवताना, तारांखालची घोडी जरा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. आवाज खुलेपर्यंत ‘चालतंय की’ म्हणून सोडत नाही. त्याच मिरजेत गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांसारखा गायक घडवला. १९३७ साली गेलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आजही मीरासाहेब दर्ग्यात संगीतसभा होते. इतका कान आपल्या शेजारी असताना आपण व्हिडिओखाली लाइकचा अंगठा टाकून मोकळे!

जुन्या तालमीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. ‘आमचे गुरुजी तंबोरा फेकून मारायचे’ हे कौतुकानं सांगणारे बरेच भेटतात. त्या माराला भिऊन गाणं सोडलेले मात्र किस्से सांगायला येत नाहीत. दुसरी जमात ‘हे सिनेमातलं, ह्यात काय असतंय’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची. त्यांनी आधी एखादं साधं भावगीत शब्द न तोडता म्हणून दाखवावं.

चारचौघांत, माईकसमोर उभ्या पोराची चूक काढू नका. बाजूला घ्या, नाहीतर फोन करा. आधी विचारा, ‘सांगू का?’ नको म्हणाला तर विषय सोडा, त्याला फक्त टाळ्याच हव्या असतील, तोही हक्क आहेच. हो म्हणाला तर एकावेळी एकच गोष्ट सांगा. सूर, ताल, उच्चार, श्वास असं सगळं एकदम ओतलंत तर तो घरी जाऊन काय करणार?

ही पोस्ट वाचून कुणी मला रेकॉर्डिंग पाठवणार असेल तर जरूर पाठवा. फक्त ट्रॅक नको, इको नको. मोबाईलवर तानपुरा लावा आणि दोनच ओळी म्हणा. उत्तराला एखादा दिवस लागेल, कारण मी दोनदा ऐकतो.