‘स्पोर्टी म्हणून घेतली आणि कंबर धरली’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. आमच्या शोरूममधल्या मुलांचं म्हणणं होतं, फोन करून मिटवून टाकू. पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत, तर उत्तरही चारचौघांतच देतो.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी जानेवारीत आमच्याकडून एक वापरलेली जर्मन क्रॉसओव्हर घेतली, पेट्रोल ऑटोमॅटिक. त्यांचं म्हणणं असं, की स्पोर्टी गाडी हवी होती तर यांनी सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत टेस्ट ड्राइव्ह दिली, हायवेला नेलंच नाही. डिझेल आवडली होती, ती घेऊ दिली नाही. गाडी खड्ड्यात आदळते, वडिलांची कंबर धरली. स्पोर्टचं बटण दाबून काही फरक पडत नाही. पंक्चर झाल्यावर डिकी उघडली तर स्टेपनीच नाही. आणि आमचा सेल्सचा मुलगा सगळा वेळ त्यांच्या वडिलांशीच बोलत होता.

शेवटचं आधी घेतो, कारण ते वाचून मला लाज वाटली. गाडी चालवणार तुम्ही, पैसे तुमचे, आणि ॲव्हरेज, पिकअप, सर्व्हिस हे सगळं तो काकांना समजावत बसला. माफ करा. त्याला बोललो आहे. मीही त्या दिवशी टेबलापलीकडेच बसलो होतो, म्हणजे कान माझेही धरायला हवेत.

स्टेपनीचीही चूक आमचीच. त्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत. त्यांची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर गाडी चालते, म्हणून स्टेपनी ठेवलेली नसते. हे डिलिव्हरीच्या वेळी डिकी उघडून दाखवायला हवं होतं. दाखवलं असतं तर तुम्ही रात्री विजापूर रस्त्यावर गाडी बाजूला लावून दीड तास थांबला नसता, सावकाश घरी पोचला असता.

आदळण्याचं कारणही तीच कडक भिंत. साधा टायर खड्ड्यात थोडा दबतो, हा दबत नाही, धक्का सरळ सीटपर्यंत येतो. त्यात चाक १८ इंची, म्हणजे रबराचा थर मुळातच पातळ. पण तुम्ही लिहिलंय की पंपावरच्या मुलाने चारही टायरांत ४० पीएसआय हवा भरून दिली. ते मला जास्त खटकलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोनच माणसं असतानाची हवा वेगळी आणि गाडी भरलेली असतानाची वेगळी दिलेली असते. ती टायर थंड असताना भरायची. आपल्याकडे मार्चपासूनच रस्ता तापतो, दुपारी चालून आलेल्या गाडीचा आकडा तसाही दोन-तीनने चढलेला दिसतो. काकांच्या कंबरदुखीतला निम्मा वाटा त्या ४० चा असेल, असा माझा अंदाज आहे. उरलेला निम्मा गतिरोधकांचा. नियमाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांबट उताराचा हवा. आपल्या कॉलन्यांमध्ये रात्रीतून सिमेंटची उशी ओततात, तिच्यापुढे जर्मन काय आणि जपानी काय.

आता जिथे मी तुमच्याशी सहमत नाही ते. टेस्ट ड्राइव्ह मी मुद्दाम सात रस्ता, रंगभवन, डफरीन चौक, पार्क चौक, नवी पेठ अशी दिली. तुम्हीच सांगितलं होतं, जुळे सोलापूर ते बाळीवेस, दिवसातून दोनदा, आणि लांबच्या प्रवासाला घरी इनोव्हा आहे. मग गाडी कुठे बघायची? मोकळ्या हायवेवर कुठलीही गाडी छानच वाटते, पाच मिनिटांत गिऱ्हाईक हो म्हणतं, हे माझ्या धंद्यातलं गुपित समजा. कागदावरचे आकडे बघा: मर्सिडीज जीएलए २०० मध्ये १.३ लिटरचं इंजिन, १६३ हॉर्सपॉवर. ऑडी क्यू३ मध्ये २ लिटर, १९०, चारही चाकांना ताकद. बीएमडब्ल्यूची २०२३ ची एक्स१ पेट्रोल १.५ लिटर, १३६. केवढा फरक! पण नवी पेठेत तिन्ही गाड्या दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत. तिथे कळतं ते वेगळंच: रिक्षा आडवी आल्यावर ब्रेक किती हळुवार लागतो, सिग्नल सुटल्यावर गाडी झटका देते का, समोरच्या काचेलगतचा गाडीचा खांब डाव्या बाजूचा स्कूटरवाला झाकतो का, मागच्या छोट्या काचेतून काही दिसतं का. लांबी तिन्हींची ४.४ ते ४.५ मीटर, तुमच्या इनोव्हापेक्षा वीतभर तरी कमी. पार्किंगला ही वीतच उपयोगी पडते.

तरी एक मान्य. शहर दाखवून झाल्यावर वीस मिनिटं हायवेलाही न्यायला हवं होतं. टायरचा कडकपणा तेव्हाच लक्षात आला असता.

डिझेलचं मात्र मी आजही तेच सांगेन. निळी गाडी दिसायला देखणी होती, मलाही ती विकून चार पैसे जास्त मिळाले असते. पण बीएस६ डिझेलला, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, मात्र त्यासाठी इंजिन चांगलं तापलेलं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगात हवी. तुमची खेप सहा-सात किलोमीटरची, मध्ये डझनभर चौक. जाळणं सुरू व्हायच्या आत तुम्ही चावी काढणार. मग दिवा लागतो, आणि दर आठवड्याला मोहोळपर्यंत गाडी पळवून आणा, हे काम मागे लागतं. नाही आणली तर वर्कशॉप. माझी या वर्गातली गिऱ्हाइकं सर्व्हिसला पुण्याला जातात, २५० किलोमीटर. सोलापुरात राहून असली गाडी घ्यायची तर हा खर्च आणि हा दिवस आधीच धरावा लागतो, आणि तो तुम्हाला मी सांगितला होता.

स्पोर्टच्या बटणाचं: त्याने ॲक्सिलरेटर तल्लख होतो, गिअर उशिरा बदलतात, स्टिअरिंग जड होतं. तुमच्या गाडीत सस्पेन्शन त्याने बदलत नाही, तशी सोय वेगळी असते. गावात ते बंदच ठेवा, ॲव्हरेजही सुधारेल. गिअरबॉक्स ड्युअल क्लच आहे, म्हणजे आत दोन क्लच असतात आणि सतत सरकत राहिलं की ते तापतात, तेव्हा चौकात ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकू नका, पुढे गाडीभर जागा झाली की मगच सोडा.

टायरच्या किमतीबद्दल वाद घालत नाही, महागच आहेत. आणि साध्या विम्यात नुसता टायर फाटला तर पैसे मिळत नाहीत, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रिन्यूअलच्या वेळी विचारा.

गाडी परत घ्या म्हणालात. घेतो, पण बाजारभावाने, दिलेल्या किमतीत जमणार नाही. माझं ऐकाल तर त्याआधी एवढं करून बघा: बुधवारी आमच्याकडे गर्दी नसते, सकाळी नऊच्या आत गाडी घेऊन या, टायर थंड असतील. हवा आणि अलाइनमेंट आम्ही बघतो, आमच्या खर्चाने. हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि पंक्चर किट डिकीत ठेवून देतो, तेही बिनपैशात, ते आमचं देणंच आहे. मग तुम्ही चालवा, काका मागे बसतील, आणि आपण याच रस्त्याने नवी पेठेपर्यंत जाऊन येऊ. तरीही आदळली तर हे टायर झिजल्यावर कंपनीने मान्य केलेल्या मापाचे साधे टायर चारही चाकांना एकदम घालायचे. दोन हे, दोन ते असं करू नका, कोणी कितीही स्वस्तात दिलं तरी.